सं. जो. म्हणजे संपतराव जोंधळे

२ सप्टेंबर २००७

गॅस आज चहालाही पुरला नाही. आधण येईपर्यंत जाळ बसला, पातेल्यात पत्ती तशीच तरंगत. आत्ती शेगडीपुढं वाकून म्हणाल्या, "रुसलाय गं. काल शेण कमी पडलं का काय?" शेण कसलं कमी पडतंय. दोन म्हशी दावणीला आहेत, आणि सत्तरी उलटली तरी आत्ती, माझ्या सासूबाई, रोज सकाळी स्वतः हात घालून शेण कालवतात. दुसऱ्या कुणी कालवलेलं त्यांना पटतच नाही. हे म्हणाले, गोबरगॅसच्या डोमला, वरच्या घुमटाला, चीर गेली असणार, अकरा वर्षं झाली की बांधून.

सारिका म्हणते, "आई, सिलिंडर घ्या सरळ. आख्ख्या वर्गात शेणावरचा चहा पिणारी मी एकटीच." एक धपाटा दिला. बारावीला गेली म्हणून काय झालं.

दुसऱ्यांदा पेटवला तेव्हा आत्तींनी रोजच्यासारखे हात जोडले. "संपतराव सायबा, तुझं भलं हू दे." आणि मी रोजच्यासारखी पाठ फिरवून भांडी लावायला लागले.

४ सप्टेंबर

यशवंतभाऊ बघून गेले. ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. गवंडी. आमचा गोबरगॅस त्यांनीच बांधलेला. ९६ साली सरकारी योजनेतून गवंड्यांचं ट्रेनिंग झालं, तेव्हा आमच्या गावच्या बौद्धवाड्यातून ते एकटे गेले होते. नंतर कागलच्या बाजूला कुठल्या गावात म्हणून त्यांनी डोम बांधायचा ठेवला नाही.

साबणाचं पाणी केलं, डोमवर ओतलं. एका जागी बुडबुडे. "वैनी, हितनं जातोय बघा. म्हातारा झालाय, पर हाडं चांगली हायत." म्हणाले, जुन्या प्लँटच्या दुरुस्तीला सरकारची नवीन मदत आलीय, संडास जोडलेल्यांना आधी. फॉर्म भरा, माती ढकलून बुजवू नका. "ह्यो माझा पैला हाय." संडास म्हणताना आवाज खाली आणला आणि माझ्याकडं बघितलं. मी आत आत्तींकडं बघितलं. त्या चहा गाळत होत्या, ऐकू गेलं नाही.

चहा कानतुटक्या कपात. तो कप बाहेर सोप्यातल्या कोनाड्यात असतो, यशवंतभाऊंचा म्हणून. आत्ती त्यात चहा देतात, मी विसळते, मीच परत कोनाड्यात ठेवते. ह्यात मीही आहे, हे निदान इथं तरी लिहून ठेवावं.

७ सप्टेंबर

फॉर्मला लागणारी कागदं हुडकताना ट्रंकेत ९६ ची डायरी सापडली. खताच्या दुकानाची, वर उसाचं चित्र. दुपारभर तीच वाचत बसले, चुलीवर भाकरी करपली, आत्तींनी शिव्या घातल्या. अर्धी वाळवीनं खाल्लीय. राहिलेलं थोडं इथं उतरवून ठेवते.

"९ जाने. ९६. थंडी लई. पहाटे उसाकडंला आम्ही सहाजणी. लांबून टॉर्च दिसला की सगळ्यांनी उठून उभं राहायचं. पोटातलं पण उभं राहात असेल बिचारं."

"२ मार्च. पं. समितीचे साहेब आले. गोबरगॅसला सरकार मदत देणार, संडास जोडला तर जास्त देणार. हे म्हणतात दोन्ही एकदम बसलं तरच आपल्याच्यानं होतंय. आत्ती गॅसला हो म्हणाल्या. माझं पोट बघून संडासाला पण हो म्हणाल्या. पण दोन्ही येगळं, म्हणाल्या. त्या घाणीच्या जाळावर देवाचा निवद हुणार न्हाय. जोडलासा तर मी ह्या घरात पाण्याला शिवणार न्हाय."

"३ एप्रिल. आत्ती जोतिबाला गेल्या, दोन दिवस. यशवंतभाऊंनी आज संडासापासून गॅसपर्यंत पाइप पुरला. मी सांगितला. ह्यांना पण उद्या सांगणार."

बास, एवढंच लिहिलंय. मी सांगितला. त्यापुढं वाळवी.

पुढचं मला न लिहिता आठवतंय. यशवंतभाऊंनी संडासाच्या मागं एक खोटा खड्डा केला, त्यावर फरशी, फरशीवर कडी. आत्ती जोतिबाहून गुलालात न्हाऊन आल्या, खड्डा बघून खूश झाल्या आणि चार दिवसांत त्याच्या शेजारी केळ लावली. संडासाच्या पाण्यावर केळ जोरात येते म्हणे. पाणी तिकडं जातच नव्हतं तर केळ कुठली जोरात येणार? अकरा वर्षांत तीन केळी मेल्या. "मातीच वाईट हाय हितली," असं आत्ती दर वेळी म्हणायच्या आणि मी भांडी घासायला पळायची.

८ सप्टेंबर

डायरी वाचल्यापासून डोकं तिकडंच. पहिला जाळ पेटला तो दिवस. जून होता. निळा जाळ, मधे जरासा पिवळा. गल्लीतल्या सगळ्या बायका बघायला, कुणी चप्पल बाहेर काढून आल्या, देवळात आल्यागत. पहिल्यांदा दूध ठेवलं ते उतू गेलं, कारण बघत बसलो सगळ्या जाळाकडं, दुधाकडं कोण बघतंय! आत्ती रात्रीच्या जेवणानंतर म्हणाल्या होत्या, "आज डोळ्यांतनं पाणी न्हाय आलं गं. चुकल्यागत वाटतंय." चुलीमागची भिंत काळी कुळकुळीत होती, ती मी स्वतः चुना लावून पांढरी केली. नववा महिना लागलेला, तशी शिडीवर.

आणि खरं सांगू का, ती उसाकडची पहाट पण आठवते. लाज होती, भीती होती, साप होते. पण सहाजणींचं सगळं बोलणं तिथंच व्हायचं. कुणाची सासू, कुणाचा दारुडा, कुणाला किती महिने. आता प्रत्येकीचं दार वेगळं, कडी लावून बसायचं. त्यातल्या दोघी तर वारल्या. कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, पण मला त्या आठवतात.

१२ सप्टेंबर

ग्रामपंचायतीत सभा. नवीन साहेब, पोरगेलासा, शर्ट इस्त्रीचा. भिंतीवर चित्रं दाखवली. बर्फ वितळतोय, हवामान बदलतंय, कार्बन. म्हणाले, तुमच्या प्रत्येक प्लँटमुळं एवढा एवढा कार्बन वर जायचा वाचतो, म्हणून सरकार पैसा घालतंय. ९६ चे साहेब आले होते ते बायकांच्या डोळ्यांबद्दल आणि सरपणाबद्दल बोलले होते. हे आकाशाबद्दल बोलले. दोघंही खरंच बोलले असतील. मला मात्र माहेरची आठवण आली. कुरुंदवाडला आम्ही घाटावर ओंजळीनं नदीचं पाणी प्यायचो. आता तिथं पाय धुवायलाही माणूस कचरतो.

शेवटी साहेब म्हणाले, काही शंका? आत्ती उठल्या. मी मागनं त्यांचा पदर ओढला.

"सायेब, ते संपतराव जोंधळे सायेब कुठं असत्यात आता?"

"कोण?"

"आमच्या गॅसवर नाव हाय की त्यांचं. त्यांनीच मंजूर केलाय."

साहेबानं वहीत बघितल्यासारखं केलं. "बदली झाली असेल, आजी." मला एवढा खोकला आला की दोघी बायका पाणी घेऊन धावल्या.

१६ सप्टेंबर

काल गणपती बसले. मोदक चुलीवर. धुरानं पोरींनी घर डोक्यावर घेतलं. आत्ती मात्र मजेत, फुंकणी हातात, दहा वर्षांनी तरुण.

हे संपतरावांचं एकदा लिहूनच टाकते. पाप आहे ते, कागदावर तरी असू दे.

साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा आमच्या सोप्यातला वर्ग मी घ्यायची. अकरा बायका, एक कंदील, पाट्या सरकारी. आत्ती सगळ्यांत मागं बसायच्या, सुनेपुढं चुकायला नको म्हणून. पण जिद्द काय! दळणाच्या पिठावर बोटानं क गिरवायच्या. स्वतःचं नाव लिहिताना ष्ण जमेना. 'क्रुश्नाबाय' लिहायच्या, मी खोडायची, त्या परत तसंच. शेवटी रडायला आल्या तेव्हा मी म्हटलं राहू दे आत्ती, चालतंय. तर पाटी माझ्या अंगावर. "चालतंय कसं? माझं नाव हाय की ते."

पुस्तक सोडून बाहेरचं पहिलं अक्षर त्यांनी वाचलं ते आमच्या डोमवरचं. प्लँट झाल्यावर पेंटर येऊन लाल रंगात नंबर टाकून गेला होता, आणि शेवटी 'सं. जो.' म्हणजे संडास जोडणी. मला ते दिसत होतं रोज, पण आत्तींना वाचता येईल हे डोक्यातच आलं नाही. मीच शिकवलेलं! एका सकाळी शेणाच्या हातांनी पळत आल्या. "शालन! वाचलं गं मी! सं. अन् जो. संजो! संजो म्हंजी काय?"

काय तो आनंद तोंडावर. आणि मी तोंड उघडलं ते, "साहेबांचं नाव आहे, आत्ती. संपतराव जोंधळे. त्यांनी मंजूर केला ना." कुठनं आलं देव जाणे. जोंधळे सुचलं कारण समोर जोंधळे वाळत घातले होते.

तेव्हापासून रोज. शेगडी पेटली की संपतराव सायबाचं भलं हू दे. मधे एकदा नवस पण बोलल्या त्याच्या नावानं, बढतीचा.

२१ सप्टेंबर

फॉर्म आला. दोन पानं. नाव, गाव, जनावरं किती, प्लँट कधीचा. मग पाचव्या रकान्यात, छापील:

संडास जोडणी (सं. जो.): आहे / नाही (लागू नसेल ते खोडावे)

खाली लाभार्थीची सही. लाभार्थी म्हणजे श्रीमती कृष्णाबाई. मामंजी गेल्यापासून घर, जागा, प्लँट सगळं आत्तींच्या नावावर. १५ ऑक्टोबरच्या आत द्यायचा, नंतर पाहणीला माणूस येणार, पाइप बघणार. खोटं लिहायची सोय नाही.

हे म्हणाले, "दुमडून पुढं ठेव, अंगठा घे." अंगठा! दहा वर्षं झाली त्यांनी अंगठा उठवलेला नाही. दूध डेअरीत एकदा तिथल्या पोरानं शाई पुढं केली तर म्हणाल्या, "अंगठा उठवायला मी काय मेली हाय?"

फॉर्म तांदळाच्या डब्याखाली ठेवलाय. गणपती जाऊ देत.

२४ सप्टेंबर

कळलं.

तांदूळ निवडायला डबा काढला त्यांनी. मी गोठ्यात होते. आत आले तर आत्ती उंबऱ्यात बसलेल्या, चष्मा नाकावर, फॉर्म हातात, बोट पाचव्या रकान्यावर. मोठ्यानं वाचत होत्या, वर्गात वाचायच्या तसं, अक्षर अक्षर सुटं. "सं डा स. जो ड णी." मग कंसातलं. "सं. जो."

परत एकदा वाचलं. मग उठून घरामागच्या परड्यात गेल्या, डोमवरची पुसट अक्षरं बघून आल्या. माझ्यासमोर उभ्या.

"संपतराव जोंधळे न्हाईत?"

"नाहीत, आत्ती."

"कधीच नव्हतं?"

"नव्हते."

"म्हंजी जोडलेलं हाय."

"हाय."

"माझं बी?"

हसू आलं मला. देवा, त्या क्षणाला हसू! "तुमचं बी, आत्ती." त्यांनी फॉर्म घडी घालून कनवटीला लावला आणि परड्यात जाऊन मेलेल्या केळीचा खुंट उपटून काढला.

२६ सप्टेंबर

परड्यात तीन दगड मांडलेत. स्वतःपुरती भाकरी तिथं थापतात. पाणी शेजारच्या विहिरीचं. म्हणाल्या होत्या तसंच, ह्या घरात पाण्याला शिवणार नाही. आणि शेण! शेण मात्र रोजच्यासारखं कालवतात, कुंडीत ओततात. आणि परत तीन दगडांपाशी जाऊन बसतात.

हे त्यांना समजवायला गेले. "आई, सगळ्या जगात असंच असतंय." "मग जगाकडं जेवायला जा," म्हणाल्या. ह्यांना सेकंड शिफ्ट लागलीय, एमआयडीसीत पळाले. मी कुठं पळू?

आल्यापासून अठरा वर्षं मी ह्या बाईशी रोज बोललेय. भांडलो, पण बोललो. बाळंतपणात माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आईच्या आधी ह्या. अनुदान जाऊ दे खड्ड्यात. गॅस पण जाऊ दे. त्यांनी माझ्याशी बोलावं, बास.

२९ सप्टेंबर

पितृपंधरवडा सुरू झाला. आमच्यात मामंजींचा म्हाळ सर्वपित्रीला. त्यांची तिथी धड कुणालाच सांगता येत नाही, पुरात गेले.

अकरा वर्षं म्हाळाचा भात गॅसवरच झाला. गोठ्याच्या पत्र्यावर पान ठेवायचं की लगेच कावळा. गल्लीत बाकीच्यांकडं तास तास वाट बघतात, दही ठेव, त्यांना आवडायची ती भजी ठेव, तंबाखू ठेव. आमच्याकडं पान टेकायचा अवकाश. आत्ती पदर डोक्यावरून सारखा करत म्हणायच्या, "बघ, खूश हाईत. काय बी मागणं ऱ्हायलेलं न्हाय." मी मनात म्हणायची, माफ करा मामंजी. ते दर वर्षी जेवून जायचे.

३ ऑक्टोबर

यशवंतभाऊ आले. मी बोलावलं नव्हतं, ह्यांनी सांगितलेलं दिसतंय. सरळ परड्यात गेले, तीन दगडांसमोर उकिडवे बसले. मी दाराआड.

आत्ती: "तू केलंस ह्ये. माझी पाठ फिरल्यावर."

"केलं, काकी. वैनीनं सांगितलं, मी केलं."

"तुला म्हाईत हुतं मला काय वाटंल."

"म्हाईत हुतं. पर वैनीचा सातवा म्हैना हुता. तुमी जोतिबाला गेल्यावर, त्याच दिवशी पहाटं उसात पडल्या हुत्या. तुमाला सांगितलं न्हाय कुणी."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त त्यांच्या बायकोनं बघितलं होतं, तिनंच उठवून आणलं होतं मला, हाताला धरून. आत्तींनी लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "आत काय हुतं रं त्याचं? मिसळतंय सगळं?"

"मिसळतंय. म्हशीचं, तुमचं, आमी कामाला आलो तवा आमचं बी. आत गेल्यावर कुणाचं काय ते वळखायला येत न्हाय. वर येतोय त्यो नुसता जाळ." मग हसले, पण डोळे हसत नव्हते. "कपाचं तसं न्हाय, काकी. कप वळखायला येतोय."

मी दाराआड खांब धरला. चहा झालाच नाही, मी करायचं विसरले आणि ते गेले.

६ ऑक्टोबर

सहामाही. धाकटीचं गणित, सारिकाचं फिजिक्स. धूर. काही लिहायला नको वाटतं.

आत्ती भर दुपारी बौद्धवाड्यात जाऊन आल्या. यशवंतभाऊंच्या बायकोशी बोलत बसल्या होत्या म्हणे तासभर. काय बोलल्या कोण जाणे. पाणी प्यायल्या का, हे शेजारणीनं विचारलं. मी म्हटलं तूच जाऊन विचार.

८ ऑक्टोबर

कोनाड्यात कप नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

९ ऑक्टोबर

बोलल्या!

यशवंतभाऊ चिरेला सिमेंट लावायला आले, तात्पुरतं, म्हणाले पुरी दुरुस्ती अनुदान आल्यावर. संध्याकाळी थोडा गॅस येईल, एक भांडं भात होईल एवढा. आत्तींनी स्वतः चहा आणला. स्टीलचा पेला, घरातला, ह्यांचा असतो तो. यशवंतभाऊंनी पेल्याकडं बघितलं, आत्तींकडं बघितलं, प्यायले. म्हणाले, "साखर कमी हाय, काकी." आत्तींनी आत जाऊन साखर आणली.

ते गेल्यावर मला हाक. "शालन, हिकडं ये." सोळा दिवसांनी नाव घेतलं माझं.

"घाणीचं मला काय सांगतीस? शेणात हात घालून जन्म गेला माझा. तू उसात पडलीस अन् मला सांगितलं न्हाईस, ती एक चूक. मी बी आईकलं नसतं, ती माझी चूक. पर तू मला वाचाय शिकवलंस, अन् पैलंच अक्षर मी वाचून तुला इचारलं, तर तू खोटं सांगितलंस. पाटी फेकली हुती मी, चालतंय म्हणालीस म्हणून. आठवतंय न्हवं? मग ह्ये कसं चाललं तुला?"

रडले मी. मोठ्यानं, पोरींसमोर. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी त्यांच्या देवाला फसवलं. देवाचं काय घेऊन बसलात. मी माझ्या विद्यार्थिनीला फसवलं. सगळ्यांत मागं बसणाऱ्या, पिठावर क काढणाऱ्या बाईला.

त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं, जरा जोरातच. "गप. म्हैस पान्हा चोरंल."

१० ऑक्टोबर

फॉर्म कनवटीतून निघाला. घामानं मऊ झालाय. आत्तींनी चष्मा लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला, पाऊण तास लागला, मी मधे एक अक्षर सांगितलं नाही. सही केली. 'कृष्णाबाई'. ष्ण बरोबर. दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

पाचवा रकाना तसाच कोरा. आहे / नाही. काहीच खोडलं नाही. नाही ठेवायचं म्हटलं तर पाइप तोडावा लागेल, संडासाला नवा खड्डा, आणि मदतीच्या यादीत आम्ही शेवटी. म्हणजे डोम बुजवायचाच.

"आत्ती, हे?"

"ते माझ्या एकटीचं न्हाय. निवद खाणाऱ्याला इचाराय पायजे." मग फॉर्मची घडी घालत, "उद्या दोन पानं वाढायची. एक चुलीवरचं, एक त्या गॅसवरचं. ते सांगतील."

हे म्हणाले, कावळा ठरवणार व्हय सरकारी अनुदान? आत्ती म्हणाल्या, "मग कोण, संपतराव?" सारिका हसून हसून पडली. किती दिवसांनी हसलं कुणी ह्या घरात.

११ ऑक्टोबर, सर्वपित्री

सोप्यात बसून लिहितेय, समोर गोठ्याचा पत्रा दिसतोय.

आत्तींनी पहाटेच अंघोळ केली. चुलीवर एक भात केला. मग शेगडीपाशी आल्या. कॉक सोडला, काडी ओढली. निळा, बारीक, पण स्थिर. हात जोडायला वर गेले आणि थांबले. आता नाव कुणाचं घ्यायचं? मग नुसतेच जोडले, नाव न घेता.

दोन पानं, सारखीच वाढली. भात, आमटी, वड्या, वर तुपाची धार. पत्र्यावर हातभर अंतरानं ठेवलीत. डावं चुलीचं, उजवं गॅसचं. यशवंतभाऊ फाटकाशी उभे आहेत, ह्यांच्यासोबत, हत्यारांची पिशवी घेऊन. तोडायचा असेल तर आजच तोडतो म्हणालेत.

आत्ती खाली पाटावर, फॉर्म मांडीवर, हातात सारिकाचं पेन. मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुमचं तुमी ठरवा. मी काय बी सांगणार न्हाय."

कावळे तारेवर आहेत. चार. एकही उतरेना. अर्धा तास झाला. अकरा वर्षांत असं कधी झालं नाही. हे घड्याळ बघतायत. यशवंतभाऊंनी पिशवी खाली ठेवली.

आत्ती उठल्या. शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या, उजवं पान बोटभर पुढं सरकवलं. आणि हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं वाटून, पण मी जवळच आहे:

"आवं, या की. अकरा वर्सं जेवलासा, आता काय लाजताय?"

एक उतरलाय. पत्र्यावर, दोन्ही पानांच्या मधे. मान वाकडी करून बघतोय. आत्तींनी पेनाचं टोपण काढलं.